बाजेला लावायचा पाळणा घेताना: सपाट, टणक, रिकामा अन् जवळ

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आपल्याकडं अजून टिकून आहे. त्यामुळं पुण्याला नाहीतर नागपूरला राहणारी लेक सातव्या-आठव्या महिन्यात गावी येते आणि येताना मोबाईलमध्ये एका पाळण्याचा फोटो घेऊनच येते. तीन बाजूंना जाळी, चौथी बाजू खाली पाडता येणारी, पट्ट्यानं पलंगाला बांधायचा, म्हणजे माय पडल्या जागेवरून हात लांबवून लेकराला घेऊ शकते. किंमत पाहून बाप गप्प होतो, आजी म्हणते काऊन पैसे घालवता, साडीची झोळी बांधू ना, तुम्ही सारे त्यातच वाढले. मग घरात दोन दिवस हाच विषय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पाळण्याची कंपनी, रंग, चाकं, गाण्याची मशीन हे सगळं दुय्यम आहे. नवजात लेकराच्या झोपेच्या जागेत चारच गोष्टी पाहायच्या, जागा सपाट पाहिजे, टणक पाहिजे, रिकामी पाहिजे आणि मायच्या जवळ पाहिजे. एवढं जमलं तर गावच्या सुतारानं केलेली पेटीही चालते, नाही जमलं तर महागडा पाळणाही कामाचा नाही.

जवळ काऊन, ते आधी. पहिल्या काही महिन्यांत लेकरू रात्री दोन-अडीच तासाला दूध मागते. हेलन बॉल नावाच्या संशोधक बाईंनी इंग्लंडमधल्या एका दवाखान्यात प्रयोग केला, तो २००६ साली छापून आला. काही बाळं मायच्या पलंगावर, काही पलंगाला जोडलेल्या पाळण्यात आणि काही बाजूच्या सुट्या पाळण्यात ठेवली आणि रात्रभर व्हिडिओ काढला. पलंगावरची आणि जोडलेल्या पाळण्यातली बाळं सुट्या पाळण्यातल्या बाळांपेक्षा कितीतरी जास्त वेळा अंगावर प्यायची. अन् पलंगावरच्या बाळांना जे धोके होते, तोंडावर पांघरूण येणं वगैरे, ते जोडलेल्या पाळण्यात कमी दिसले. म्हणजे लेकीनं आणलेल्या फोटोत दम आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही म्हणते की निदान पहिले सहा महिने लेकरू मायबापाच्याच खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर झोपवा.

आता सपाट. ही गोष्ट समजायला लेकराचं शरीर पाहावं लागते. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असते, आणि डोक्याची मागची बाजू चांगली बाहेर आलेली असते, मानेत मात्र जोर नाही. आपल्याला उशी लागते कारण आपले खांदे रुंद, त्याला उशी दिली की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची नळी दुमडल्यासारखी होते. ती नळी किती मोठी, तर आतून चार-पाच मिलिमीटर, म्हणजे जेमतेम शरबताच्या स्ट्रॉएवढी. नळीतून हवा वाहण्याचा एक जुना नियम आहे, नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट नाही होत, सोळापट होते. मोठ्या माणसाच्या नळीत थोडी सूज आली तर खोकला येते, लेकराच्या नळीत थोडा बाक आला तर त्याला श्वासासाठी झगडावं लागते, आणि झगडायला त्याच्याजवळ ताकदच नाही.

झोळीत नेमकं हेच होते. साडीच्या झोळीत लेकराची पाठ कमानीसारखी वाकते, हनुवटी छातीकडं जाते, वरून दोन्ही बाजूंचं कापड तोंडाजवळ येते. आजीचं म्हणणं खोटं नाही, लेकरू झोळीत पटकन झोपते, कारण हलणं आणि आवळून धरणं त्याला पोटातल्यासारखं वाटते. पण झोपवणं वेगळं आणि रात्रभर झोपू देणं वेगळं. रडणाऱ्या लेकराला आजीनं समोर बसून झोका दिला, डोळा लागला की उचलून सपाट जागेवर ठेवलं, इथपर्यंत ठीक. सगळे वावरात गेले आणि लेकरू दुपारभर झोळीत, हे नको. अन् चालत्या-फिरत्या लेकराच्या हाताशी झोळी टांगलेली सोडू नका, गळ्याला कापडाचा पीळ बसून मोठी लेकरं दगावल्याच्या घटना आपल्या देशात झालेल्या आहेत.

ही फक्त गावाकडची अडचण आहे असं वाटत असेल तर अमेरिकेतलं ऐका. फिशर-प्राइस या नावाजलेल्या कंपनीनं रॉक अँड प्ले नावाचा तिरपा पाळणा विकला, लेकराचं डोकं वर आणि पाय खाली. लोकांना लई आवडला. २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीला जवळपास ४७ लाख पाळणे परत मागवावे लागले, तोवर त्यात ३० हून जास्त बाळं दगावल्याची नोंद झाली होती. त्यानंतर एरिन मॅनन या संशोधक बाईंनी बाळांच्या स्नायूंची मोजणी करून दाखवलं की तिरप्या जागेवर लेकराच्या पोटाच्या स्नायूंना जास्त काम पडते, ते लवकर थकते आणि अवघड स्थितीतून स्वतःला सोडवू शकत नाही. २०२२ मध्ये तिथं कायदाच झाला, १० अंशांपेक्षा जास्त तिरपी झोपायची साधनं बंद आणि पाळण्याच्या आत लावायच्या जाड मऊ झालरीही बंद. आपल्याकडं ऑनलाईन अजूनही दोन्ही मिळतात, आणि नातेवाईक हौसेनं बारशाला देतात.

सपाट झोपवायचं म्हणजे पाठीवर, उताणं. इथं प्रत्येक घरात एकच भीती, दूध वर आलं तर श्वासात जाईल, म्हणून कुशीवर नाहीतर पोटावर ठेवा. ऐकायला बरोबर वाटते पण शरीराची रचना उलटी आहे. श्वासाची नळी पुढं असते आणि अन्ननलिका तिच्या मागं. लेकरू उताणं असलं की श्वासाची नळी वर आणि अन्ननलिका खाली, म्हणजे वर आलेल्या दुधाला श्वासात जायला चढ चढावा लागते, आणि लेकरू ते गिळून टाकते नाहीतर थुंकते. पोटावर असलं की श्वासाचं तोंड खाली येते, दूध तिथंच साचते. म्हणून दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि मग उताणं ठेवा. कुशीवर ठेवलेलं लेकरू कलंडून पोटावर जायला वेळ लागत नाही.

हे विज्ञानही सहजासहजी नाही मिळालं. युरोप-अमेरिकेत कित्येक वर्षं डॉक्टरच पोटावर झोपवा म्हणून सांगायचे. झोपेत कारण न सापडता अचानक होणारे बाळांचे मृत्यू, ज्याला डॉक्टर सिड्स म्हणतात, ते तिथं खूप होते. १९९२ मध्ये अमेरिकेत सल्ला बदलला, १९९४ पासून मोहीम चालली, आणि दर एक लाख जन्मांमागं १२० असलेले हे मृत्यू २००१ पर्यंत ५६ वर आले. ना औषध ना ऑपरेशन, फक्त लेकराची कूस बदलली. आपल्या आज्या तर आधीपासून बहुतेक उताणंच झोपवत आल्या, एवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. उताणं झोपून डोकं मागून चपटं होते ही तक्रार खरी आहे, पण त्यासाठी मोहरीची उशी नको, लेकरू जागं असताना समोर बसून दिवसातून काही वेळा पोटावर ठेवा, मानही मजबूत होते.

टणक गादीचा मुद्दा आपल्या कापसाच्या मुलखात जरा नाजूक आहे. नातवासाठी घरच्या कापसाची, नुकत्याच पिंजलेल्या रुईची, हात ठेवला की आत जाणारी गादी करणं ही माया आहे, पण नेमकी तीच गादी लेकराला नको. मऊ गादीत तोंड रुतलं की लेकरू आपणच सोडलेली हवा परत परत ओढते, त्यात कार्बन डायऑक्साइड वाढत जाते आणि ऑक्सिजन कमी होते. १९९१ मध्ये केम्प आणि थॅच या अमेरिकी डॉक्टरांनी बारीक थर्माकोलच्या गोळ्या भरलेल्या मऊ उशांवर दगावलेल्या बाळांचा अभ्यास करून हेच दाखवलं होतं. मोठा माणूस गुदमरला की झोपेतही मान वळवते, काही बाळांच्या मेंदूतली ही जागं करणारी यंत्रणा अजून कच्ची असते. तेव्हा कापूस ठासून भरलेली, चांगली दाबलेली पातळ गादी नाहीतर काथ्याची गादी घ्या. पंजा दाबून उचला, खड्डा तसाच राहिला तर ती गादी आजोबाला द्या.

आणि रिकामी म्हणजे खरंच रिकामी. बाजारात तो सेट मिळतो ना, फोमची गादी, दोन बाजूला लोड, एक उशी अन् वरून चेनची मच्छरदाणी, त्यातले लोड-उशी काढून कपाटात ठेवा. आईच्या हातची वाकळ लेकराच्या खाली नाही, वर नाही, पाहुणे आले की दाखवायला. थंडी असेल तर अंगभर कपडे घाला, सुटं पांघरूण टाकू नका.

आता फोटोतल्या पाळण्याची खरी गोम. तो आपल्या बाजेसाठी बनलेलाच नाही. तिकडचे पलंग कडक चौकटीचे आणि जाड गादीचे, पाळण्याची गादी त्या गादीच्या बरोबरीला आणायची आणि पट्टा पलंगाखालून ओढून घट्ट आवळायचा, मध्ये फट राहत नाही. आपली सुतळीची नाहीतर नवारीची बाज माय बसली की मधून खाली जाते, पाळणा जागच्या जागी राहते, आणि दोघांच्या मध्ये उतार नाहीतर फट तयार होते. अशा फटीत लेकराचं अंग सरकून डोकं अडकणं हा जोडलेल्या पाळण्याचा सगळ्यात मोठा धोका आहे. लोखंडी दिवाणाचंही पाहा, बरेचदा तो इतका ठेंगणा असते की पाळणा सगळ्यात खालच्या खाचेत टाकला तरी वरच राहते. म्हणून मागवायच्या आधी टेप घेऊन दिवाणाची गादीसकट उंची मोजा, आणि मोजताना गादीवर कोणाला तरी बसवा. बाज असेल तर चौथी बाजू पाडायचीच नाही, चारही बाजू उभ्या ठेवून पाळणा खेटून ठेवा, मायला उठून बसावं लागेल पण तेवढं चालते.

सुताराकडून करून घेत असाल तर आपल्याकडं सागाची कमी नाही. दांड्यांमधली फट ६ सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सव्वादोन इंचांपेक्षा, जास्त नको, नाहीतर अंग बाहेर आणि डोकं आत अशी गत होते. गादी आणि चौकट यांच्यात दोन बोटं जाऊ नयेत. झोका देणारा पाय ठेवलाच तर रात्री पाचर मारून स्थिर करता आला पाहिजे. याहून स्वस्त वाट न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी दाखवली आहे. तिथं मायजवळ झोपण्याची रीत मोडायची नव्हती पण बाळं दगावत होती, तेव्हा २००६ च्या सुमारास त्यांनी वाहाकुरा नावाची, तिथल्या पातीची विणलेली, सपाट तळाची टोपली पुढं आणली, लेकरू त्यात आणि टोपली मोठ्यांच्या बिछान्यावर. पुढं चाचणी घेतली तर साध्या पाळण्यापेक्षा धोका वाढला नाही, उलट सहाव्या महिन्यात फक्त अंगावर पिणारी बाळं जवळपास दुप्पट निघाली. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बुरडांच्या हातात हे काम सहज आहे, फक्त आपल्या नेहमीच्या टोपलीचा तळ गोल असते, तो सपाट करून घ्यावा लागेल आणि आतून कामट्या तासून गुळगुळीत. फिनलंडमध्ये तर सरकार १९३८ पासून बाळंतिणींना कपड्यांची पेटी देते, अन् कित्येक बाळं त्या पुठ्ठ्याच्या पेटीतच झोपली.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी जोडाव्या लागतात, ऊन आणि सरपटणारे प्राणी. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडं पारा ४५ च्या वर जाते, तेव्हा बंद कापडी बाजूंचा पाळणा म्हणजे भट्टीच, जाळीच्याच बाजू घ्या. कूलर खोलीत चालू द्या, झोत थेट लेकरावर नको, आणि खिडकी उघडी ठेवा नाहीतर नुसता दमटपणा वाढते. टोपडं घरात काढून ठेवा, एवढ्या मोठ्या डोक्यातून बरीच उष्णता बाहेर जाते, उन्हाळ्यात ती जाऊ द्यायची असते. पोट आणि पाय हातानं पाहा, पोट कोमट अन् पाय गार असले तर लेकराला थंडी वाजते, पोट तापलेलं आणि मान घामेजलेली असली तर कपडे जास्त झाले. डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट, कमी वजनाचं लेकरू असेल तर मायच्या छातीला उघड्या अंगानं लावून ठेवण्याइतकी चांगली शेगडी नाही. खरी शेगडी मात्र बंद खोलीत बाजेखाली ठेवू नका, निखाऱ्यातून वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड निघते आणि माय-लेकरू दोघांचाही जीव जाऊ शकते. बिडी पिणाऱ्यानं अंगणात प्यावी, धुरानं सिड्सचा धोका वाढते हे पक्कं झालेलं आहे.

पावसाळ्यात जमिनीवर बिछाना नको. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावलेलं बरेचदा कळतही नाही. पाय असलेला पाळणा इथं जिंकते, भिंतीपासून थोडा सरकवून ठेवा आणि मच्छरदाणी चौकटीवर ताणून लावा, सैल लोंबली तर तीच तोंडावर येते.

सगळं करूनही पहाटे तीनला दूध पाजता पाजता मायचा डोळा लागेलच, कोणाचा नाही लागत. लेकराला घेऊन बसल्या बसल्या खुर्चीत किंवा सोफ्यावर झोप लागणं बिछान्यापेक्षा जास्त धोक्याचं, म्हणून पेंग येत असेल तर आडवं होऊनच पाजा, आधी उशी-पांघरूण दूर सारा, जाग आली की लेकरू त्याच्या जागेवर. पण शेजारी दारू प्यालेला माणूस असेल, कोणी विडी-सिगारेट ओढणारं असेल, किंवा लेकरू दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, कमी वजनाचं असेल तर त्याला बिछान्यावर घेऊन झोपूच नका.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्याच बाया शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बालमृत्यू किती खाली येतात ते १९९९ मध्ये जगाला दाखवलं. आज आशाताई तुमच्या घरी येतात ते त्याच वाटेनं, तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत. त्या वजन करतात, ताप पाहतात, तेव्हाच त्यांना लेकराची झोपायची जागाही दाखवा. झोपेतल्या मृत्यूंचा धोका सगळ्यात जास्त असते तो दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात, आणि ४२ व्या दिवसानंतर आशाताईंची पुढची ठरलेली फेरी थेट तिसऱ्या महिन्यात असते. तोवर लेकीच्या सासरी जायची तयारी सुरू झालेली असते, तिथली बाज वेगळी, गादी वेगळी, उंची वेगळी. टेप सोबत द्या. आणि लेकरू पालथं पडायला, हातावर जोर देऊन उठायला लागलं की हा छोटा पाळणा बंद, मग उंच कठड्याचा घ्यायचा.