हा पदार्थ आला कुठून? अणुधोक्याच्या मागावरच्या संशोधकांची पार्श्वभूमी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी मोबाईलवर एक जाहिरात घेऊन विभागात आली. अमेरिकेतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत पोस्टडॉकची जागा होती, विषय न्यूक्लिअर फॉरेन्सिक्स, म्हणजे सापडलेला किरणोत्सारी पदार्थ कुठला, कधीचा आणि कुणी बनवलेला ते शोधण्याचं शास्त्र. "सर, हे पोलिसांचं काम आहे का ओ? मग ह्याला फिजिक्सवाले कशाला लागतात?" तिचे वडील यंत्रमागावर काम करतात, घरात पीएच.डी.चा विचार करणारी ती पहिलीच. मला तिला दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही, म्हणून हे टिपण सविस्तर लिहितो आहे. सोलापुरात असा प्रश्न पडणारी ती एकटी नसणार.

आधी पोस्टडॉक म्हणजे काय ते सांगतो, कारण पालक हमखास विचारतात. पीएच.डी. झाली, पण कायमची नोकरी अजून नाही, अशा मधल्या दोन-तीन वर्षांची ही संशोधनाची नेमणूक. पगार मिळतो, काम पूर्णवेळ असतं, मुदत ठरलेली असते. एरवी ती विद्यापीठात असते. अणुधोक्याच्या क्षेत्रात मात्र ती बहुतेकदा सरकारच्या दाराशी नेऊन सोडते. हे असं का झालं, याला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे.

तो १९४९ च्या सप्टेंबरात सुरू होतो. ३ सप्टेंबरला अमेरिकी हवाई दलाचं हवामान टेहळणीचं एक विमान जपानहून अलास्काकडे चाललं होतं. हवेतली धूळ धरायला त्यावर कागदी गाळण्या बसवलेल्या होत्या. उतरल्यावर त्या तपासल्या, तर किरणोत्सार नेहमीपेक्षा बराच जास्त निघाला. नमुने रसायनशास्त्रज्ञांकडे गेले. विखंडनातून, म्हणजे अणू फुटून, तयार झालेली मूलद्रव्यं त्यांनी धुळीतून वेगळी केली, कोणतं किती उरलं आहे ते मोजलं आणि मागे मागे जात स्फोटाची वेळ काढली. सोव्हिएत संघानं २९ ऑगस्टला आपला पहिला अणुबॉम्ब कझाकस्तानात फोडला होता आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. २३ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ती बातमी जगाला सांगितली. गुपित फुटलं ते धुळीमुळे आणि अर्धायुष्याच्या, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ निम्मा उरायला किती काळ लागतो त्याच्या, गणितामुळे. हेच गणित आम्ही बी.एस्सी.ला शिकवतो, आणि शिकवताना मी ही हकिकत कधी सोडत नाही.

१९६३ च्या करारानं हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या चाचण्यांवर बंदी आली. जमिनीखालच्या तेवढ्या सुटल्या. आता धूळ पकडून भागेना, जमिनीचा हादरा ऐकणं भाग पडलं. भूकंपशास्त्र हा तोवर तसा दुर्लक्षित विषय. त्याला अचानक भरघोस सरकारी पैसा मिळाला. अमेरिकेनं एकाच बनावटीचे भूकंपमापक जगभर बसवले, त्यांतलं एक केंद्र पुण्यात होतं. भूपट्ट सरकतात हा सिद्धांत पुढे पक्का झाला, त्यात या यंत्रांच्या नोंदींचा वाटा मोठा आहे. भारतानंही १९६५ च्या सुमारास ब्रिटनच्या मदतीनं कर्नाटकातल्या गौरीबिदनूरला भूकंपमापकांची रांग उभारली. दूरवरचे अणुस्फोट टिपायला उभारलेलं हे केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे.

हादरा म्हणजे काय, हे आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, मिरवणुकीच्या थकव्यानं गाव झोपलं होतं. चार वाजायला आले असतील. फळीवरची भांडी खाली आली आणि आजी आम्हा मुलांना ओढत रस्त्यावर घेऊन गेली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत काय झालं ते दिवस वर आल्यावर कळत गेलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. तो कागदावरचा नागमोडी आलेख मी पहिल्यांदा वर्तमानपत्रात पाहिला तो त्याच आठवड्यात.

तसाच आलेख वाचून स्फोट ओळखतात. भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांना घासून सरकतात, त्यामुळे पहिली लाट काही केंद्रांवर ढकलल्यासारखी येते, तर काहींवर ओढल्यासारखी. स्फोट मात्र चहूबाजूंना ढकलतच सुटतो. शिवाय जमिनीच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या लाटा स्फोटात तुलनेनं दुबळ्या असतात. सर्वंकष अणुचाचणीबंदी करार १९९६ मध्ये सह्यांसाठी खुला झाला. त्याच्या देखरेखीसाठी ३२१ केंद्रं आणि १६ प्रयोगशाळांचं जाळं ठरलं, ते याच शास्त्राच्या भरवशावर. भारतानं त्या करारावर सही केलेली नाही. ती का नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मला स्वतःला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र बॉम्बची नाहीच. १९७२ मध्ये फ्रान्समधल्या एका युरेनियम प्रकल्पात तंत्रज्ञांना एक किरकोळ फरक दिसला. निसर्गातल्या युरेनियमच्या दर शंभर अणूंत युरेनियम-२३५ चं प्रमाण ०.७२० असतं, त्यांच्या नमुन्यात ते ०.७१७ भरलं. तिसऱ्या दशांशस्थळावरचा फरक! कुणीही हात झटकले असते. पण अणुइंधनाचा हिशोब जुळलाच पाहिजे, म्हणून शोध सुरू झाला आणि तो आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ओक्लोच्या खाणीपर्यंत पोचला. तिथं सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी निसर्गातच अणुभट्टी पेटली होती आणि तिनं ते युरेनियम खाल्लं होतं. पदार्थ आपला इतिहास अंगावर बाळगतो, तो वाचणारा माणूस तयार असावा लागतो. आमच्याकडे जुना व्यापारी चादरीचा काठ बोटांत धरतो, सूत पाहतो आणि माल कुठल्या भागातल्या मागावरचा ते सांगतो. त्याची नजर तीस वर्षांची असते.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि धोक्याची जातच बदलली. तोवर प्रश्न असायचा, कोणत्या देशानं चाचणी केली. आता प्रश्न आला, पगार थकलेल्या कारखान्यांतून काय काय बाहेर गेलं? १० ऑगस्ट १९९४ ला मॉस्कोहून आलेल्या विमानातून म्युनिक विमानतळावर एक बॅग उतरली. तिच्यात ३६३ ग्रॅम प्लुटोनियम होतं. हा सापळा जर्मन गुप्तचरांनीच रचला होता का, यावर त्या देशात पुढे मोठं वादळ उठलं. पण बॅगेतली पूड खरी होती, आणि ती तपासली युरोपीय संघाच्या कार्ल्सरूहे इथल्या संस्थेनं.

ही तपासणी कशी होते ते थोडक्यात सांगतो. प्लुटोनियम-२४१ चं अर्धायुष्य साधारण १४ वर्षं. विघटन होऊन त्याचं अमेरिशियम-२४१ होतं. प्लुटोनियम रासायनिक रीतीनं शुद्ध केलं की जुनं अमेरिशियम निघून जातं आणि घड्याळ शून्यावर येतं. नंतर किती अमेरिशियम साठलं ते मोजलं, की शुद्धीकरण कधी झालं ते कळतं. समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या, प्रमाणावरून अणुभट्टीची जात कळते, कणांच्या आकारावरून कारखान्यातली पद्धत, आणि कच्च्या युरेनियमातल्या अशुद्धींवरून खाण कुठली असावी याचा अंदाज बांधता येतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे १९९३ पासूनच्या चोरी, तस्करी आणि बेवारस सापडलेल्या साहित्याच्या नोंदी आहेत. त्या चार हजारांच्या वर गेल्या आहेत. त्यांतल्या बहुसंख्य नोंदी बॉम्बच्या कामाच्या नाहीत, हेही लक्षात ठेवावं.

एवढं सगळं जमू लागलं, तेव्हा माणसांची चणचण जाणवली. १९४५ नंतरच्या पिढ्यांनी चाचण्यांच्या धुळीवर काम करून हात तयार केले होते. चाचण्या थांबल्या, विद्यापीठांतले रेडिओकेमिस्ट्रीचे, म्हणजे किरणोत्सारी पदार्थांच्या रसायनशास्त्राचे, वर्ग आटत गेले आणि जुनी मंडळी निवृत्तीला आली. २००८ मध्ये अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या आणि विज्ञानप्रसाराच्या दोन मोठ्या संघटनांनी मिळून एक अहवाल दिला. तज्ज्ञ मोजकेच आहेत, त्यांची जागा घेणारे तयार होत नाहीत, दरवर्षी निदान तीन-चार नवे पीएच.डी. तरी या विषयात आले पाहिजेत, असं त्यात बजावलं होतं. तीन-चार! एका महासत्तेची गरज एवढ्याशा आकड्यावर अडली होती, हे वाचून मी थांबलो होतो.

मग आलं २०१०. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत अमेरिकेत न्यूक्लिअर फॉरेन्सिक्सचा कायदा झाला. त्यात मनुष्यबळ घडवण्याचा कार्यक्रमच घातला होता. सरकारी फेलोशिपवर पीएच.डी. करणाऱ्यानं नंतर किमान दोन वर्षं राष्ट्रीय प्रयोगशाळेत किंवा संबंधित सरकारी खात्यात पोस्टडॉक म्हणून काम करायचं, अशी अट त्यात आहे. माझ्या विद्यार्थिनीनं पाहिलेल्या जाहिरातीसारख्या जागांचं मूळ इथं सापडतं. त्याच वर्षी १२ आणि १३ एप्रिलला वॉशिंग्टनमध्ये पहिली अणुसुरक्षा शिखर परिषद भरली. भारताच्या वतीनं पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी तिथं अणुऊर्जा भागीदारीचं जागतिक केंद्र उभारण्याची घोषणा केली; ते पुढे हरियाणात झज्जर जिल्ह्यात उभं राहिलं.

आणि परिषद भरत होती नेमक्या त्याच दिवसांत दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात माणसं आजारी पडत होती. विद्यापीठातलं एक जुनं, वापरात नसलेलं गॅमा यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं होतं. कामगारांनी ते फोडलं, आतलं कोबाल्ट-६० उघडं पडलं. अनेकांना इजा झाली, एक जण दगावला. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात हेच घडलं होतं, सीझियम-१३७ नं. अंधारात निळसर चमकणारी पूड लोकांनी कौतुकानं घरी नेली. चौघं मेली, १ लाख १२ हजार लोकांची तपासणी करावी लागली. या दोन्ही ठिकाणी दहशतवादी कुणी नव्हता. अणुधोका म्हटलं की आपण क्षेपणास्त्रांकडे बघतो. मला मात्र भंगाराच्या गाड्याची जास्त काळजी वाटते. तो गाडा सोलापुरातही गल्लोगल्ली फिरतो. जुन्या यंत्रावरचं किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह ओळखायला किती जणांना येतं?

आता आपल्याकडची वाट. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. अमेरिकेत या कामाशी जोडलेल्या बऱ्याच फेलोशिप, विशेषतः गुप्तचर खात्यांच्या, फक्त तिथल्या नागरिकांसाठी असतात. राष्ट्रीय प्रयोगशाळांत परदेशी पोस्टडॉक घेतात, पण खुल्या संशोधनासाठी. फॉर्म भरण्याआधी पात्रतेची ओळ वाचावी.

भारतात हे काम एकाच नावाच्या दाराआड नाही. २०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकानं मुंबईत सुमारे ७ किलो युरेनियम जप्त केलं, तेव्हा ते तपासायला ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडेच गेलं आणि ते नैसर्गिक युरेनियम असल्याचा निर्वाळा तिथूनच आला. ट्रॉम्बेचं प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून चालू आहे. एम.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगनंतर तिथं वर्षभराचं प्रशिक्षण घेऊन थेट वैज्ञानिक अधिकारी होता येतं. पीएच.डी. झालेल्यांसाठी डॉ. के. एस. कृष्णन संशोधन सहयोगी ही योजना आहे. आपल्याकडच्या सरकारी पोस्टडॉकपैकी ही एक. संरक्षण संशोधन संस्थेच्या जोधपूरच्या प्रयोगशाळेत किरणोत्सार शोधणारी उपकरणं बनतात, दिल्लीच्या संस्थेत शरीरावरच्या परिणामांवर काम चालतं. कायद्याची बाजू २००५ च्या सर्वसंहारक शस्त्रांविषयीच्या कायद्यात आहे. अशी शस्त्रं दहशतवाद्यांच्या हाती जाऊ नयेत यासाठीच्या, संयुक्त राष्ट्रांच्या २००४ च्या १५४० क्रमांकाच्या ठरावानंतर तो झाला.

घरच्यांना एक सांगून ठेवावं. या क्षेत्रात केलेलं उत्तम काम कधी कधी छापताच येत नाही. पोलीस चौकशी होते, परदेशी जायला परवानग्या लागतात. शिवाय शस्त्रं बनवणारी आणि शस्त्रांवर नजर ठेवणारी माणसं अनेकदा एकाच आवारात बसतात. तिथं जाणाऱ्यानं आपण कोणतं काम करणार आणि कोणतं नाही, याचा विचार आधीच करून जावं, असं मला मनापासून वाटतं.

इथल्या मुलांना हे दूरचं वाटायचं कारण नाही. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं. त्याआधी आमच्या पदव्यांवर कोल्हापूरचं नाव असायचं. विश्लेषणात्मक रसायनशास्त्र, भूशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संख्याशास्त्र, या काम करायला लागणाऱ्या विद्या जवळच शिकता येतात. अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर शेजारी नसेल, पण सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री बसलं की सकाळी मुंबई.

त्या विद्यार्थिनीनं सध्या विभागातला गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, मागून घेतला आहे. बंदरावर किंवा विमानतळावर चोरटा माल पकडायचा, तर तिथला निसर्गाचा रोजचा किरणोत्सार आधी माहीत असावा लागतो. नाहीतर फरशीनं भरलेल्या ट्रकवरही यंत्र ओरडतं. म्हणून ती आधी आपलंच गाव मोजते आहे. भुईकोट किल्ल्याबाहेरचा काळा दगड, घरातला ग्रॅनाइटचा ओटा, सिद्धेश्वर तलावाचा काठ. प्रत्येक जागी तासभर बसावं लागतं, कारण फरक थोडा असतो. ओट्यावरचा आकडा काळ्या दगडापेक्षा जास्त आला, तेव्हा तिच्या आईनं आधी विचारलं, भाकरी थापायला काही हरकत नाही ना? काहीच हरकत नाही, असं तिनं आईला वहीतले आकडे दाखवून पटवलं.