गोटा चाकाखाली घ्यावा, पोटाखाली नाही

पावसाळा नुकताच सरला होता. मेळघाटात धारणीकडचा एक नाला उतरताना आमच्या जीपच्या पोटाखालून ‘ठण्ण’ असा आवाज आला. नाला पार झाला, गाडी चालत राहिली, म्हणून कुणी खाली वाकून पाहिलं नाही. पुढे डांबरी लागली, काटा साठच्या वर गेला आणि पायाखालच्या पत्र्यातून थरथर जाणवू लागली. परतवाड्याच्या मिस्त्रीने गाडीखाली सरकून मागच्या शाफ्टवरचा चिखल ओल्या चिंधीने पुसला, माझा हात धरला आणि नळीवर ठेवला. अंगठा बसेल एवढा पोचा होता.

“शाफ्ट कामातून गेला, भाऊ,” तो म्हणाला.

नळी तुटली नव्हती, चिरलीही नव्हती. मनगटापेक्षा जाड लोखंडी नळी एवढ्याशा पोच्याने बाद कशी होते, हे मला त्या दिवशी पटलं नव्हतं. नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा पटलं.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या किंवा चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या गोळ्यापर्यंत, फिरती ताकद नेणारी नळी म्हणजे हा शाफ्ट. तिच्या दोन टोकांना क्रॉस, म्हणजे वाकड्या कोनातही फिरणारे सांधे, असतात. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी रोटाव्हेटरच्या शाफ्टला हेच क्रॉस पाहिलेले आहेत. मागचा आस पाट्यांवर, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, खाली-वर होतो, गिअरबॉक्स जागेवर राहतो, म्हणून मधल्या शाफ्टला वाकडा कोन करूनही फिरता आलं पाहिजे. सतराव्या शतकात रॉबर्ट हुकने या सांध्याचा अभ्यास केला, म्हणून त्याला हुकचा सांधा असंही म्हणतात.

शाफ्ट पोकळ का, हा प्रश्न मला फार आवडतो. पिळाचा ताण नळीच्या बाहेरच्या कडेला सगळ्यात जास्त असतो, मध्यभागी जवळजवळ नसतोच. मग मधलं लोखंड हवं कशाला? 75 मिलिमीटर व्यासाची आणि 3 मिलिमीटर जाड भिंतीची नळी घ्या. तेवढ्याच वजनाच्या लोखंडाचा भरीव गज केला, तर तो 29 मिलिमीटरचा होईल. नळी त्या गजाच्या पावणेपाचपट पीळ सोसते. वजन तेच, लोखंड तेच, फक्त ते मधून काढून कडेला नेलं.

म्हणजे शाफ्टची सगळी ताकद तिच्या गोलपणात आहे, आणि गोट्याचा घाव बसतो तो नेमका या गोलपणावर. पहिल्या गिअरमध्ये, लो रेंज (वेग कमी करून जोर वाढवणारा गिअर) लावून गाडी चढावर ओढताना शाफ्टवर जबर पीळ येतो. नळी गोल असेल तर तो पीळ सगळ्या भिंतीत सारखा वाटला जातो. पोचा असेल तर भिंत तिथून आत दुमडायला लागते, ओला टॉवेल पिळताना मध्येच मुरड पडते तशी. आज पोचा पडला आणि महिनाभराने एखाद्या चढावर शाफ्ट पिळून गेला, तर तो घाव त्या नाल्यातलाच असतो.

दुसरा त्रास वेगाचा. ताशी 80 किलोमीटरला जीपचा शाफ्ट मिनिटाला साधारण 2400 फेरे घेतो. नळी किंचित वाकली किंवा कारखान्यात तोल साधण्यासाठी वेल्ड केलेली 20 ग्रॅमची पट्टी गोट्याने उडवली, तर तेवढ्या फरकाने सेकंदाला 40 वेळा सुमारे पाच किलोचा हिसका बसतो. 20 ग्रॅम म्हणजे चार चमचे साखर. आमच्या पायाखालची थरथर हीच होती. ती क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया खाते, पिनियनचं (शाफ्टकडून ताकद घेणाऱ्या डिफरन्शियलच्या गिअरचं) सील खाते, आणि शेवटी गिअरबॉक्सपर्यंत पोचते.

मेळघाटातला गोटाही साधा नाही. सातपुड्याच्या या भागात बसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. त्याचे कोपरे आधी झिजतात आणि मध्ये गाभा उरतो, कांद्याच्या पाकळ्या सुटाव्यात तसा. नाल्यात दिसणारे ते काळे गोलसर धोंडे म्हणजे हेच गाभे. त्यातली खनिजं कठीणपणाच्या मोह मापावर पाच ते सहाच्या आसपास असतात, नळीचं साधं पोलाद चारच्या जवळपास. त्यामुळे घासलं की ओरखडा लोखंडावरच उमटतो. शिवाय दर पावसाळ्यात पूर हे धोंडे नव्याने मांडतो. मागच्या वर्षी ज्या वाटेने गाडी काढली, ती वाट यंदा तिथे असेलच असं नाही.

आता मिस्त्रीचं वाक्य: “चाक गोट्यावर चढवाचं, गोटा पोटात नाई घ्याचा.”

नवा ड्रायव्हर बरोबर उलटं करतो. धोंडा दिसला की त्याला दोन चाकांच्या मधोमध धरून वरून जायला बघतो. डिफरन्शियलचा गोळा आसावर बसलेला असतो, आणि आसाची उंची ठरते टायरवरून. चाक धोंड्यावर चढलं की त्या बाजूने आस उचलला जातो, गोळा आणि शाफ्टचं मागचं टोक दोन्ही वर येतात. धोंडा मध्ये धरला तर काहीच उचललं जात नाही. त्यात शाफ्ट मागे उतरता असतो. पुढे मोकळी वाटणारी जागा मागे जाता जाता निमुळती होते आणि धोंडा पाचरीसारखा पिनियनच्या तोंडाशी अडकतो. क्रॉस तिथेच असतो. ट्रॅक्टरने खोल चाकोऱ्या पाडलेल्या पांदणीतही हाच धोका आहे. चाकं खाली जातात आणि मधला गवताळ उंचवटा, गवतात लपलेल्या गोट्यासकट, पोटाला भिडतो. आपली बैलबंडी अशा वाटेने बिनघोर जाते, कारण तिची चाकं मोठी, आस उंच आणि आसाखाली लोंबणारं काही नाही.

प्रवासी जीपचे जुने ड्रायव्हर नाल्याच्या काठावर सगळ्यांना उतरायला लावतात. लोक कुरकुरतात. पण दहा माणसं उतरली की पाटे उघडतात, चेसिस आणि शाफ्टचं पुढचं टोक चार बोटं वर येतं. गोळ्याची उंची त्याने बदलत नाही, म्हणून मागच्या टोकासाठी चाकाची वाट निवडावीच लागते. पाणी गढूळ असेल तर आधी काठी घेऊन पायी पार करावं. आणि धोंड्यावरून उतरताना गाडी सोडू नये. मागच्या भागाचं हजार किलो वजन 10 सेंटिमीटर खाली आपटलं, तर दहा किलोचा धोंडा तीन मजल्यांवरून पडावा एवढी ऊर्जा एका ठिकाणी येते. ब्रेकवर पाय ठेवून बोटाबोटाने उतरवलं तर तीच ऊर्जा ब्रेक आणि टायर गिळतात.

खाली पत्रा मारावा का, असं सगळे विचारतात. पुढच्या अर्ध्या भागाला, चेसिसच्या आडव्या पट्टीला धरून, पुढून उताराचा जाड पत्रा जरूर लावावा. धोंडा त्यावरून घसरत जातो. मागच्या टोकाला मात्र चेसिसवर लावलेला पत्रा चालत नाही, कारण शाफ्ट आसासोबत खाली-वर होतो आणि त्याच पत्र्यावर आपटेल. तिथलं संरक्षण आसालाच बांधलेलं हवं. पत्र्यात चिखल आणि वाळकं गवत साचतं, सायलेन्सर जवळ असेल तर ते पेटूही शकतं. एप्रिल-मे महिन्यात तर प्रत्येक फेरीनंतर हात घालून साफ करावं. याहून चांगला उपाय जाड भिंतीच्या नळीचा आहे. भिंत 3 ची 6 मिलिमीटर केली तर पोचा पाडायला साधारण चौपट जोर लागतो. पुढच्या क्रॉसजवळ एक लोखंडी कडीही बसवून घ्यावी. क्रॉस तुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक जमिनीत रुतलं, तर गाडी त्यावर उचलली जाते. कडी ते टोक खाली पडू देत नाही.

पोच्यावर वेल्डिंगचा ठिगळ मात्र कधीच लावू नये. एका बाजूने तापलेली नळी निवताना वाकते, आणि तोल होता तोही जातो.

रानात शाफ्ट गेलाच, तर फोर बाय फोर गाडीत तो काढून पुढच्या चाकांवर हळू घरी येता येतं. पण बोल्टला पाना लावण्याआधी चाकांना दोन्हीकडून दगडांची ओट लावावी. शाफ्ट सुटला की गिअर मागची चाकं धरून ठेवत नाही, आणि काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेकही शाफ्टवरच असतो. ज्या गाडीत शाफ्टचं टोक सरळ गिअरबॉक्सच्या पेटीत सरकलेलं असतं, तिथून तेल वाहून जाईल, म्हणून तोंड बंद करावं लागतं.

आमच्या शाफ्टचा निकाल मिस्त्रीने खडूने लावला. पुढच्या चाकांना ओट, मागची चाकं स्टँडवर अधांतरी, गाडी न्यूट्रलला. मी शाफ्ट हाताने सावकाश फिरवला, त्याने हात टेकवून खडू नळीच्या अगदी जवळ स्थिर धरला. सरळ नळीवर खडूची रेघ पूर्ण गोल उमटते. आमच्या नळीवर ती एकाच बाजूला थोडीशी उमटली, आणि उरलेल्या घेरावर खडू लागलाच नाही.

“पाह्य,” तो म्हणाला, आणि नवी नळी आणायला पोराला पाठवलं.