डोळ्यामागची गाठ आणि दहा दिवसांचा शेक

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार होऊन गेलेल्या बाईला धूसर दिसू लागलं, की घरचे आधी चष्मा बदलायला नेतात. बहुतेकदा नंबर वाढलेला असतो किंवा मोतीबिंदू असतो. पण एकच डोळा झपाट्याने अंधूक झाला, एकाचे दोन दिसू लागले किंवा दाराची सरळ चौकट वाकडी भासली, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना जुना आजार आवर्जून सांगा. त्यांना तो आपणहून कळणार नाही.

डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला एक थर असतो. रक्तातून फिरणाऱ्या कर्करोगाच्या पेशी तिथे रुजतात, आणि बायकांमध्ये या जागी सर्वांत जास्त वेळा पोचतो तो स्तनाचाच कर्करोग. गाठीभोवती पाणी साचतं, पडदा सुटून वर येतो, नजर मंदावते. कधी गाठ डोळ्याच्या खोबणीत वाढते आणि डोळा पुढे ढकलला जातो. स्तनाच्या काही कर्करोगांत मात्र उलटं होतं: गाठीतले तंतू आकसतात आणि डोळा आत ओढला जातो. घरच्यांना वाटतं, अशक्तपणाने डोळे खोल गेले.

अशा वेळी रेडिएशन देतात. आपल्याकडे त्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, पण देताना ऊब लागत नाही की दुखत नाही. आधी गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून बसवतात. काही मिनिटांत ती कडक होते, नाक-कपाळाचा हुबेहूब साचा तयार होतो. रोज तोच मुखवटा टेबलाला अडकवायचा, म्हणजे डोकं हलत नाही. साधारण 10 दिवसांत 30 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) किंवा 5 दिवसांत 20 ग्रे मात्रा देतात. किरणांचा कोन असा निवडतात की डोळ्याचं भिंग शक्यतो वाचावं. तरी पुढे मोतीबिंदू होऊ शकतो, डोळा कोरडा पडतो. पण मोतीबिंदू काढता येतो. पडदा फार काळ सुटलेला राहिला, तर गेलेली नजर परत मिळवणं कठीण होतं, म्हणून इथे उशीर नको.

या उपचाराला ‘पॅलिएटिव्ह’, म्हणजे त्रास कमी करणारा, म्हणतात आणि तो शब्द ऐकताच घर सुन्न होतं. आजार समूळ जाणार नाही, हे खरं. तो आटोक्यात ठेवायला हार्मोनच्या गोळ्या किंवा केमो वेगळी चालूच असते. पण ‘आता काही करायचं नाही’ असा त्याचा अर्थ मुळीच नाही. नातवाचा चेहरा दिसणं, आपलं आपण ताटातलं जेवता येणं, हेच या शेकाचं काम आहे. शेक संपला त्याच दिवशी फरक दिसेल असं नाही. साचलेलं पाणी ओसरायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात.