बालविवाह रद्द करण्यासाठी अर्ज: कोणी, कुठे, कधीपर्यंत करायचा

१८ वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावलं, तरी ते आपोआप रद्द होत नाही. ते न्यायालयातून रद्द करून घ्यावं लागतं. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ च्या कलम ३ नुसार हा अर्ज तिचाच असतो; आईवडिलांची संमती लागत नाही. मुदत मात्र पक्की लक्षात ठेवा: वयाची २० वर्षं पूर्ण होण्याआधी अर्ज दाखल झाला पाहिजे. ‘थोडं थांब, जुळवून घे’ म्हणत घरचे नेमकी हीच वर्षं घालवतात.

मुलगी अजून अल्पवयीन असेल, तर पालक किंवा वादमित्र, म्हणजे मावशी, शिक्षिका, कार्यकर्ती अशी सज्ञान व्यक्ती, बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्यासह अर्ज करते. महाराष्ट्रात गावपातळीवर हा अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी).

अर्ज कुटुंब न्यायालयात, ते नसेल तिथे जिल्हा न्यायालयात. सासरच्या गावी जायची गरज नाही. ती सध्या जिथे राहते तिथेही तो चालतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

कागदांत सर्वांत महत्त्वाचा वयाचा पुरावा: जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला. मूळ कागद घरच्यांनी दडवले असतील तर अडून बसू नका. शाळेच्या रजिस्टरचा उतारा आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून जन्मदाखल्याची प्रत मिळते. लग्नाच्या पुराव्याला पत्रिका, फोटो, साक्षीदार. सोबत ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा कागद, आणि पोलिसांत तक्रार झाली असेल तर तिची प्रत.

लग्नात दिलेले दागिने, पैसे, भेटवस्तू दोन्हीकडून परत करण्याचा आदेश न्यायालय देतं. मुलीला पुनर्विवाहापर्यंत पोटगी आणि राहण्याची सोयही मागता येते. ती अर्जातच मागा. मूल झालं असेल तर ते कायद्याने औरस, म्हणजे वैध संततीच ठरतं. मूल अनौरस ठरेल या भीतीपोटी कित्येक मुली गप्प राहतात, म्हणून हे त्यांना आधी सांगा.

जातपंचायतीसमोर किंवा स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेली सोडचिठ्ठी म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. तेवढ्यावर विसंबू नका.

अल्पवयीन मुलीला पळवून, फसवून वा विकून लावलेलं लग्न मात्र याच २००६ च्या अधिनियमाच्या कलम १२ नुसार मुळातच अवैध आहे.

घरातून लगेच बाहेर पडायचं असेल तर फोन करा: अल्पवयीन मुलीसाठी १०९८ (चाइल्डलाइन), सज्ञान स्त्रीसाठी १८१ (महिला हेल्पलाइन), आणि जिवाला धोका असेल तर ११२. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी जिल्ह्यातलं सखी वन स्टॉप सेंटर आहे.

सज्ञान मुलीचं जबरदस्तीने लग्न लावलं असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली वेगळा अर्ज होतो. जबरदस्ती संपल्यापासून १ वर्षाच्या आत तो करावा लागतो.