जुजू म्हणजे नेमकं काय, आणि कालाबारची ती चॉकलेटी बी

नोव्हेंबर २०२५ मध्ये फुटबॉल वर्ल्डकप क्वालिफायरला नायजेरिया डीआर काँगोकडून पेनल्टीवर हरली आणि नायजेरियाच्या कोचनी आरोप केला की समोरच्या टीममधल्या माणसाने वूडू केलं. अशी बातमी आली की आपल्याकडे वूडू, जुजू, काळी जादू सगळं एकाच पोत्यात भरतात. वूडू मूळचा बेनिन-टोगोकडचा 'वोदुन', तो रीतसर धर्म आहे आणि बेनिनमध्ये त्याची सरकारी सुट्टी असते. 'जुजू' हा शब्द मात्र बऱ्याच अभ्यासकांच्या मते फ्रेंच 'झुझू'वरून, म्हणजे खेळणं, पश्चिम आफ्रिकेतले ताईत-गंडे बघून युरोपियनांनी दिलेलं नाव (काही जण तो हौसा भाषेतला मानतात). उद्या कोणी परका येऊन आपली करणी, भानामती, अंगारा, काढा सगळ्याला मिळून 'खेळणं' म्हणाला तर कसं वाटेल?

तिथल्या भाषांमध्ये शब्द वेगवेगळे आहेत. कालाबारच्या, म्हणजे आताच्या आग्नेय नायजेरियातल्या, एफिक लोकांच्या भाषेत 'इफोट' म्हणजे चेटूक आणि 'इबोक' म्हणजे औषध, पण मंतरलेली वस्तूही इबोकच. आणि मला ज्या गोष्टीचं वेड आहे ती इथेच येते, 'एसेरे', कालाबार बीन.

वेलीवर येणारी, इंचभर लांब, चॉकलेटी रंगाची कडक बी, एका कडेने लांब खाच, शेंगवर्गातलीच. कोणावर इफोटचा आळ आला की ही बी खायला द्यायचे, उलटी झाली तर निर्दोष, मेला तर चेटूक सिद्ध. आपल्याकडेही विषदिव्य होतंच, याज्ञवल्क्यस्मृतीत त्याचा उल्लेख आहे, त्यामुळे नाक मुरडायचं कारण नाही.

आता मेकॅनिझम. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं केमिकल सुटतं, ते पलीकडच्या स्नायूला किंवा ग्रंथीला 'चल' म्हणतं, आणि काम झालं की लगेच कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करतं, एन्झाइमचा एकेक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलिनचे हजारो रेणू तोडतो इतकं ते फास्ट. या बीतलं फायसोस्टिग्मिन नावाचं विष त्या एन्झाइमच्या नेमक्या कामाच्या जागी, सेरिन नावाच्या अमिनो ॲसिडवर, जाऊन चिकटतं (याला कार्बामायलेशन म्हणतात) आणि बराच वेळ निघत नाही. मग ॲसिटिलकोलिन साचत जातं, लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात, मग थकून ढिले पडतात आणि श्वास थांबतो. २०१७ ला यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांना विषबाधा झाली, त्यातली ऑर्गनोफॉस्फेट औषधं याच एन्झाइमला धरतात, फरक एवढाच की ती आपणहून जवळजवळ सुटतच नाहीत.

निर्दोष माणूस निर्धास्तपणे गपकन गिळतो म्हणून पोट लगेच उलटतं, गुन्हेगार भीत भीत चावतो म्हणून विष भिनतं, ही थिअरी तुम्ही वाचली असेल. मला ती पटत नाही. बी किती आणि कशी द्यायची हे देणाऱ्याच्या हातात होतं, आळ आलेला निर्दोष माणूसही घाबरतोच, आणि बीला खरं-खोटं कळत नाही. त्या 'न्यायात' निरपराध माणसं मेली.

१८५५ मध्ये एडिनबराच्या रॉबर्ट क्रिस्टिसन या डॉक्टरने स्वतः बीचा तुकडा खाऊन बघितला, दुसऱ्या दिवशी आणखी मोठा, आणि हातपाय गळायला लागल्यावर दाढीचं साबणाचं पाणी पिऊन उलटी काढली म्हणून वाचला. १८६४ मध्ये जर्मनीत फायसोस्टिग्मिन वेगळं काढलं, पुढे काचबिंदूवर त्याचे थेंब वापरायला लागले. १९३५ मध्ये पर्सी ज्युलियन या आफ्रिकन-अमेरिकन केमिस्टने ते लॅबमध्ये पूर्ण बनवून दाखवलं.

आणि १९३४ ला लंडनमध्ये मेरी वॉकर या डॉक्टरने मायस्थेनियाच्या पेशंटला, म्हणजे ज्यांच्या स्नायूंपर्यंत ॲसिटिलकोलिनचा निरोप नीट पोचतच नाही अशा बाईंना, याचं इंजेक्शन दिलं. एन्झाइम अडलं, निरोप जास्त वेळ टिकला, आणि थोड्याच वेळात त्यांची लोंबलेली पापणी वर उचलली गेली. एसेरेचं इबोक झालं होतं.