वॉट ठरलेले, लय पायांची

पावसाळ्यात रस्त्यावर सायकल काढणे अवघड होते, तेव्हा पुण्या-मुंबईतले अनेक सायकलपटू मागचे चाक उतरवून सायकल स्मार्ट ट्रेनरवर, म्हणजे पॅडलचा विरोध आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर बसवतात आणि घरातल्या घरात सराव चालू ठेवतात. यंत्र नवीन असताना एक अनुभव बहुतेकांना येतो. पडद्यावर २०० वॉटचे लक्ष्य असते, पाय मिनिटाला ९० फेरे घेत असतात आणि सारे सुरळीत चाललेले असते. पाण्याची बाटली घ्यायला हात खाली जातो, तेवढ्यात फेरे ७५ वर येतात आणि पॅडल एकाएकी जड लागते. जड लागले म्हणून पाय मंदावतात, मंदावले म्हणून पॅडल आणखी जड होते आणि थोड्याच वेळात, चिखलात रुतल्यासारखे, पाय जागच्या जागी थांबतात. यंत्र बिघडलेले नसते आणि पायांतली ताकदही संपलेली नसते. यंत्राने त्याला दिलेले काम चोख केलेले असते.

ते काम म्हणजे शक्ती स्थिर राखणे. फिरत्या वस्तूची शक्ती ही तिला फिरवणारा टॉर्क (पीळ देणारा जोर) आणि तिचा कोनीय वेग (फिरण्याचा वेग) यांच्या गुणाकाराएवढी असते. ट्रेनरच्या ‘अर्ग मोड’मध्ये हा गुणाकार ठरलेला असतो, म्हणून एक घटक कमी झाला की दुसरा वाढवण्यावाचून यंत्राला गत्यंतर नसते. १७० मिलिमीटर लांबीच्या क्रँकवर, म्हणजे पॅडल ज्याच्या टोकाला असते त्या दांड्यावर, २०० वॉट द्यायचे असतील, तर मिनिटाला ९० फेऱ्यांना पॅडलवर सरासरी १२५ न्यूटन, म्हणजे पावणेतेरा किलो वजनाइतका जोर लागतो. फेरे ६० वर आले की तोच जोर एकोणीस किलोंवर जातो आणि ४५ वर आले की थेट दुप्पट, साडेपंचवीस किलो होतो. हे आकडे संपूर्ण फेऱ्याच्या सरासरीचे आहेत. पॅडल वरून खाली दाबले जात असताना पायाला याहून बराच जास्त जोर लावावा लागतो. पडद्यावरचा २०० हा आकडा मात्र या साऱ्या वेळात जागचा हलत नाही आणि त्यामुळेच नवख्या सायकलपटूला आपले काय चुकले ते कळत नाही.

ट्रेनर हा जोर निर्माण कसा करतो, हेही पाहण्यासारखे आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ लिआँ फूको याने १८५५ साली दाखवून दिले की विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवायला जास्त जोर लागतो आणि चकती तापते. चुंबकीय क्षेत्रातून जाताना धातूत विजेचे लहान लहान भोवरे तयार होतात आणि ते ज्या गतीमुळे निर्माण झाले, त्याच गतीला विरोध करतात. आपल्या घरातल्या जुन्या वीजमीटरमधली ॲल्युमिनियमची चकती याच तत्त्वावर एका चुंबकाने आवरून धरलेली असे. अनेक स्मार्ट ट्रेनरांमध्ये पॅडलबरोबर फिरणाऱ्या जड चाकाजवळ, म्हणजे फ्लायव्हीलजवळ, असेच विद्युतचुंबक असतात आणि त्यांतला विजेचा प्रवाह कमी-जास्त करून यंत्र ब्रेक सैल किंवा घट्ट करते.

चकती फार हळू फिरत असेल, तर हे भोवरेही दुबळे पडतात. म्हणून अगदी लहान गिअरवर मोठे लक्ष्य गाठताना काही ट्रेनर हवा तेवढा विरोध निर्माणच करू शकत नाहीत. अर्ग मोडमध्ये गिअरला काही अर्थ नाही, असे सर्रास सांगितले जाते, पण ते पुरते खरे नाही. मोठ्या गिअरवर फ्लायव्हील वेगाने फिरते आणि त्यात साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने क्षणभराची ढिलाई ते सांभाळून घेते. पाय सपाट रस्त्यावर असल्यासारखे चालतात. लहान गिअरवर ही साठवण तुटपुंजी असते आणि घाट चढताना जशी प्रत्येक फेऱ्याची किंमत मोजावी लागते, तसेच वाटते.

फेरे किती असावेत, या प्रश्नाचे उत्तर शरीराच्या आत आहे. प्राणवायूच्या खर्चाचाच हिशेब केला, तर मध्यम शक्तीला साधारण ६० फेरे स्वस्त पडतात. तरीही सरावलेले सायकलपटू आपसूक ८० ते १०० फेऱ्यांवर स्थिरावतात. फेरे कमी असताना प्रत्येक दाबाला जास्त जोर लागतो, त्यासाठी लवकर थकणारे वेगवान स्नायुतंतू कामाला लागतात आणि त्यांच्यातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा आधी संपतो. फेरे वाढवले की स्नायूंवरचा हा भार हृदय आणि फुफ्फुसांकडे सरकतो. तास-दीड तासाच्या सरावात हा सौदा बहुतेकांना परवडतो. ६० फेऱ्यांवर मुद्दाम केलेला सरावही उपयोगी असतो, मात्र तो आधी ठरवून केलेला असावा. थकल्यामुळे लय घसरून तिथे पोहोचणे वेगळे.

लय सांभाळायची जागा कठीण टप्प्याच्या थोडी आधी असते. लक्ष्य १५० वरून २५० वॉटवर जाणार असेल, तर तीन-चार सेकंद आधीच फेरे ९५ पर्यंत न्यावेत, म्हणजे भार वाढताना ते घसरून ९० वर येतात, ७० वर नाही. तरीही रुतलोच, तर जोर लावून झगडण्यात अर्थ नसतो, कारण प्रत्येक मंद फेऱ्याबरोबर यंत्र आपली मागणी वाढवतच असते. लक्ष्य काही टक्क्यांनी खाली आणावे किंवा काही क्षण अर्ग मोड बंद करावा, हलक्या पायाने फेरे पुन्हा वर न्यावेत आणि मगच भार परत घ्यावा.

लय घसरण्याचे एक कारण खोलीतल्या हवेतही असते. स्नायूंना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी फार तर पाव हिस्सा पॅडलपर्यंत पोहोचतो. २०० वॉटच्या सरावात निदान ६०० वॉटची उष्णता शरीरातून बाहेर पडावी लागते, आणि तेवढी उष्णता केवळ घामावाटे घालवायची तर तासाला जवळजवळ एक लिटर घाम त्वचेवरून वाळायला हवा. जुलै महिन्यात, मुंबईच्या बंद खोलीत तो वाळत नाही, हँडलवरून थेंब थेंब जमिनीवर गळत राहतो आणि गळालेल्या घामाने शरीर थंड होत नाही. हृदयाचे ठोके चढत जातात आणि अर्ध्या तासानंतर तेच २०० वॉट जड वाटू लागतात. छातीच्या उंचीवर, समोरून जोराचा वारा देणारा पंखा लावला की त्याच पायांनी तेच ९० फेरे टिकतात. पंखा नसेल, तर त्या दिवसापुरते लक्ष्यच १८० वॉटवर आणलेले बरे.