पारवा (ठाणे–नवी मुंबई परिसरातील)

कपोत कुलातील पक्षी. शास्त्रीय नाव कोलंबा लिव्हिया. ठाण्यात बोलताना याला सर्रास ‘कबूतर’ म्हणतात. ‘पारवा’ हा शब्द संस्कृत ‘पारावत’वरून आलेला, तो आता पक्ष्यापेक्षा साडीच्या दुकानात जास्त ऐकू येतो, कारण निळसर राखाडी छटेला मराठीत पारवा रंगच म्हणतात. काटेकोरपणे पाहिले तर पारवा हा कडेकपारीत आणि जुन्या विहिरींच्या कोनाड्यांत राहणारा रानपक्षी, तर कबूतर ही माणसाने त्याच्यापासून पाळीव केलेली जात. शहरातल्या थव्यांत दोघांचेही रक्त आहे. त्यामुळे वाशीच्या एकाच थव्यात पंखांवर दोन स्पष्ट काळे पट्टे असलेला मूळ वळणाचा पारवा, पंखभर ठिपक्यांची नक्षी असलेला, जवळजवळ काळा आणि एखादा पांढऱ्या डागांचा असे सगळे शेजारी शेजारी दाणे टिपतात.

लांबी सुमारे ३३ सेंमी. मानेवर हिरवी-जांभळी झळाळी, डोळे नारिंगी, पाय गुलाबी-लाल. युरोपातल्या पारव्याची कंबर पांढरी असते, भारतीय उपजातीची राखाडी. नर-मादी दिसायला सारखेच. फरक कळतो तो वागण्यातून. गळा फुगवून, घुमत, वाकत गोल गोल फिरणारा नर आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करून दाणे टिपणारी मादी हे दृश्य मासुंदा तलावाच्या काठावर कोणत्याही सकाळी दिसते. पाणी पिण्याची रीतही वेगळी आहे. चिमणी चोच बुडवून मान वर करते. पारवा चोच पाण्यात ठेवूनच सलग ओढून पितो.

जागा नर शोधतो. तो एकेक काडी आणतो आणि मादी ती अंगाखाली खोचते. काम इतके ढिसाळ, की त्याला घरटे म्हणावे का असा प्रश्न पडावा. घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींत एसीच्या बाहेरच्या यंत्रामागे डोकावले तर सामान दिसते ते असे: झाडूचे हीर, गुलमोहराच्या पानांचे वाळके देठ, वायरचे तुकडे. पिलांची विष्ठा अनेक पक्षी घरट्याबाहेर टाकतात, पारवा टाकत नाही. ती काड्यांत साचते, वाळते आणि चिखलाच्या थाळीसारखा कडक थर होतो. पुढच्या वेळी अंडी त्याच थरावर.

अंडी दोन, पांढरी. साधारण १८ दिवस आलटून पालटून उबवतात: दिवसा बराच वेळ नर, दुपारनंतर आणि रात्रभर मादी. पिलू बाहेर येते तेव्हा अंगावर केसांसारखी विरळ पिवळी पिसे आणि अंगाच्या मानाने भलीमोठी चोच. ते महिनाभर घरट्यातच राहते आणि बाहेर पडते ते जवळजवळ आईबापांएवढे होऊन. ‘कबुतराचे पिलू कधी दिसत कसे नाही?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच.

या पक्ष्याच्या यशाचे खरे कारण मात्र त्याच्या गळ्यात आहे. अंडी फुटण्याच्या सुमारास नर आणि मादी दोघांच्याही अन्नपिशवीचे अस्तर जाड होते आणि त्याच्या पेशी सुटून दह्याच्या कवडीसारखा पदार्थ तयार होतो. हेच ‘कपोतदुग्ध’. यामागचे संप्रेरक प्रोलॅक्टिन. सस्तन प्राण्यांत दूध येण्यामागेही तेच. त्यात प्रथिने आणि चरबी भरपूर असते. पहिले काही दिवस पिलांना फक्त हेच मिळते, मग त्यात भिजलेले दाणे मिसळू लागतात. चिमणीला पिलांसाठी अळ्या-किडे शोधावे लागतात, म्हणजे तिला झाडझुडूप हवे. पारव्याचे तसे नाही. धान्य मिळाले की दूध होते, आणि धान्य शहरात बारा महिने मिळते. साहजिकच विणीला ठराविक हंगाम उरत नाही. पहिली पिले घरट्यात असतानाच मादी पुन्हा अंडी घालू शकते.

दूध पाजण्याची सोय कुलातल्या सगळ्यांनाच आहे. येऊरच्या जंगलातला हरियाल, जो महाराष्ट्राचा राज्यपक्षी, वड-पिंपळ-उंबराची फळे खातो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. होला धान्य खातो, पण घरटे झुडपात बांधतो. या दोघांना झाड लागते. पारव्याला हवा असतो कडा, आणि ठाणे-नवी मुंबईने गेल्या काही दशकांत कड्यांशिवाय फारसे काही बांधलेले नाही. सज्जे, डक्ट, अर्धवट राहिलेल्या इमारती, स्थानकांचे उंच छत. धान्याचा प्रश्न नवी मुंबईत आणखी सोपा: मुंबईतला घाऊक धान्य बाजार वाशीला आल्यापासून गोण्यांतून सांडलेले दाणे तिथे रोज पडतात. ठाण्यात ती भर पुण्य म्हणून टाकलेल्या ज्वारी-चण्याने पडते.

शत्रू नाहीत असे नाही. कावळा अंडी पळवतो, शिक्रा आणि घुबड अधूनमधून एखादा पारवा उचलतात, मांजर तर असतेच. पण त्याने संख्येवर फरक पडत नाही. माणसाने मारूनही पडत नाही, हे स्वित्झर्लंडमधील बाझल शहराने अनुभवले. तिथे अनेक वर्षे कबुतरे मारली, संख्या होती तेवढीच राहिली; मेलेल्यांची जागा नवी पिले भरून काढत. १९८८ पासून लोकांना दाणे टाकण्यापासून परावृत्त करण्यावर भर दिला, तेव्हा सुमारे चार वर्षांत संख्या निम्मी झाली.

दाणे टाकण्याचा वाद इकडे तापला तो आरोग्यामुळे. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांवरच्या भुकटीची धूळ दीर्घकाळ श्वासात गेल्यास काहींना फुफ्फुसांचा अतिसंवेदनशील दाह होतो. उशिरा कळल्यास फुफ्फुसे कायमची कडक होऊ शकतात. वाळलेला थर कोरडाच झाडणे सर्वांत वाईट, आधी तो भिजवावा. २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखाने बंद करण्यावरून दादरला मोठा संघर्ष झाला.

ठाणे-नवी मुंबईत बहुतेकांचा उपाय म्हणजे नायलॉनची जाळी. ‘कबूतर जाळी बसवून मिळेल’ असे फलक विजेच्या खांबांवर दिसतात. जाळी नीट बसली तर त्या बाल्कनीचा त्रास संपतो आणि जोडी वरच्या किंवा शेजारच्या मजल्यावर जाते; कोपऱ्यात मूठभर फट राहिली तर त्याच बाल्कनीत परत येते.